बाबांची ती दुपार माझ्याकडे नाही

मित्रांनो, कपाटाच्या खालच्या खणात जुन्या चष्म्यांच्या डब्याशेजारी मी पडून आहे. मी एक जुनी हार्ड डिस्क. इथे माझ्याशी बोलायला कुणी नाही, म्हणून तुम्हालाच सांगते.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझा तोरा काय वर्णावा! मिनिटाला हजारो फेरे घ्यायचे आणि दिलेली गोष्ट जिवापाड जपायचे. मी ज्या घरी आले तिथे ताई आणि तिचे म्हातारे बाबा राहत. बाबा पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. आता ते विसरू लागले होते. म्हणून रोज दुपारी ताई माइक लावून त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करी आणि माझ्या स्वाधीन करी.

बाबांची एक खोड होती. चाळीस वर्षं दुकानात टेबलावरून उठताना ते भिंतीवरचं बटण बंद करत. घरीही रेकॉर्डिंग संपलं की कॉम्प्युटरचं बटण तसंच बंद! ताई ओरडे, पण सेव्ह केलेलं लगेच माझ्याकडे पोचलेलं असे. त्यामुळे कधी काही बिघडलं नाही.

मग ताईच्या आतेभावाने मला गोगलगाय ठरवून एक प्रोग्राम बसवला.

"आता बघ कसा पळतो!" तो म्हणाला.

कॉम्प्युटर पळू लागला खरा. तो प्रोग्राम सगळं आधी मेमरीत ठेवी, 'सेव्ह झालं' म्हणून मोकळा होई आणि मला सवडीने देई. वीज गेली की मेमरी कोरी होते, हे ताईला कुणी सांगितलंच नाही.

एका दुपारी बाबांना ताईच्या आईची अंगाई आठवली. ताई तान्ही असतानाच आई गेली होती. बाबांनी थरथरत्या आवाजात ती पूर्ण म्हटली.

"झालं बाबा, सेव्ह झालं," ताई डोळे पुसत म्हणाली.

बाबा उठले आणि त्यांनी बटण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी फाइल सापडेना. ताई म्हणाली, "बाबा, कालची अंगाई पुन्हा म्हणा ना."

"कुठली गं?" बाबांनी विचारलं.

त्यांना ती पुन्हा कधीच आठवली नाही. आता बाबाही नाहीत.

परवा ताई मला दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेली. दुरुस्तीवाला म्हणाला, "बाकी सगळं आहे. तेवढीच नाही."

"नीट बघा ना, मी सेव्ह केली होती," ताई म्हणत राहिली.

मित्रांनो, घाईने बटण बंद करू नका. कॉम्प्युटर रीतसर बंद करा, माझ्यासारखीला दोन क्षण द्या. आणि ताई कुठे भेटलीच तर तिला एवढं सांगा, मी अंगाई हरवली नाही. ती माझ्यापर्यंत आलीच नव्हती.