दुसरी वाट

यान चंद्राआड जायला थोडाच वेळ उरला होता. चंद्र आपला नव्हे, दूरच्या एका ग्रहाचा. आड जाताना यानाचा रेडिओ संदेश त्या चंद्राला घासून येणार, तिथे हवा असेल तर किंचित वाकणार, आणि त्या वाकण्यावरून हवेचा ठाव लागणार. यान पुन्हा तिकडे वळणार नव्हतं. खगोलतज्ज्ञ बाईंची सगळी हयात या दुपारसाठी खर्ची पडली होती.

वेधशाळेच्या खालच्या मजल्यावर, सर्व्हरच्या खोलीत नवी इंजिनीअर केबल चाचपत होती. तिला सगळे शंकासुर म्हणत. सर्व्हरपासून साठवणीच्या कपाटापर्यंत दोन वाटा होत्या. एक तुटली तर माहिती दुसरीने जावी म्हणून. पडद्यावर दोन्ही हिरव्या. तिने मात्र बोटाने माग काढला, तर दोन्ही केबल माहिती पुढे वळवणाऱ्या एकाच स्विचच्या पेटीत शिरत होत्या. पेटीचा पंखा बंद पडलेला. वर हात ठेववेना.

"दादा, दोन्ही इथेच?"

केबल जोडणारे दादा ओशाळले. "शेजारी शेजारी छान दिसत होत्या गं."

"फांदी एकच, पाय दोन! मोडली म्हणजे?"

"मग आता काय, चालत्या गाडीचं चाक काढतेस? संदेश यायला लागलाय."

तिने वर बाईंना फोन लावला. "एक केबल काढून दुसऱ्या स्विचला लावते. दोन्ही एकाच स्विचवर आहेत, आणि तो तापलाय, कधीही मान टाकेल."

"आणि काढलीस की?"

"सगळा भार उरलेल्या वाटेवर. निभायला हवं."

"हवं म्हणजे?"

"चालू कामात कुणी काढून पाहिलेली नाही, बाई."

 "मग काढ."

तिने केबल ओढली. पडद्यावरची एक वाट लाल झाली. साठलेल्या माहितीचा आकडा वाढतच राहिला, ठेच म्हणून लागली नाही. तिने केबल दुसऱ्या स्विचमध्ये खोचली. हिरवी.

तोच तापलेल्या पेटीचे सगळे दिवे गेले.

दादांनी डोळे मिटून घेतले. तिने मिटले नाहीत. आकडा क्षणभर थबकला. जे तुकडे पोचल्याची पावती आली नव्हती, तेवढे सर्व्हरने नव्या वाटेने पुन्हा धाडले, आणि आकडा पुढे निघाला. एकही तुकडा गहाळ नाही.

 कोट्यवधी किलोमीटरचा पोकळ अंधार ओलांडून आलेली ती कुजबुज आता तिच्या बोटांशेजारून, केबलमधल्या केसाएवढ्या काचेतून, उजेड होऊन चालली होती.

फोन चालूच होता. "वाकतोय गं," बाई पुटपुटल्या. "हवा आहे तिथे."