उदेसिंगबाबांचं मीठ

आमच्या कोरीटला उदेसिंगबाबा राहायचे, आमच्याच केळीच्या वाफ्याशेजारी झोपडीत. माणूस देवाचा, पण साबणाचा वैरी. शेजारच्या दगाभाऊंनी एकदा प्रेमाने साबणाची वडी आणून दिली, तर बाबांनी ती त्यांच्यादेखत नाल्यात भिरकावली. "चरबीनं अंग घासू का?" म्हणाले. दगाभाऊ ती गोष्ट कधी विसरले नाहीत.

१९५५ च्या वैशाखात बाबा गेले. साधू माणसाला जाळत नाहीत, मिठात बसवतात. पण त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की माझी सगळी शिष्यमंडळी जमल्याशिवाय मला खड्ड्यात बसवू नका. मंडळी अक्कलकुव्याच्या पलीकडे डोंगरात, काही गुजरातेत. तीन दिवस लागणार, आणि ऊन असं की ताक दुपारपर्यंत टिकेना. तेव्हा आमच्या ह्यांनी नवापूरहून रूपचंद कंपाउंडरांना बोलावलं. ते पूर्वी कुठल्याशा मोठ्या दवाखान्यात प्रेतं राखायच्या खोलीत कामाला होते. गाडीतून उतरले ते फॉर्मालिनची बाटली छातीशी धरूनच.

त्यांनी बाबांच्या मांडीची शीर शोधून ते औषध आत सोडलं आणि हात पुसत म्हणाले, "आता शंभर वर्षं काळजी नाही. बाबा जसेच्या तसे राहतील. पापणीचा केससुद्धा हलणार नाही."

त्या औषधाच्या वाफेने डोळे असे झोंबत की जो जवळ जाई तो घळाघळा रडे. जन्मात देवळाची पायरी न चढलेले लोक हुंदके देत बाहेर आले. पाहुणे म्हणाले, कोरीटसारखी भक्ती कुठे नाही.

तिसऱ्या दिवशी बाबांना झोपडीपुढच्या खड्ड्यात पाटावर बसवलं. भोवती मीठ भरायचं होतं. दगाभाऊ मीठ मागायला धावत आमच्या घरी आले. मी जपाला बसले होते, मौन होतं, म्हणून कोठीच्या कोपऱ्यात डावीकडे, मिठाच्या नेहमीच्या जागी असलेल्या पोत्याकडे बोट दाखवलं. ते पोतं गेलं, बाबांच्या गळ्यापर्यंत ओतलं, वर माती पडली, आरती झाली.

दुसऱ्या दिवशी भाजीत मीठ घालायला कोठीत गेले, तर मिठाचं पोतं उजवीकडे तसंच! गेलं होतं ते ह्यांनी उसासाठी आणलेलं नवं पांढरं विलायती खत. बाबांना मी खतात बसवलं होतं.

सांगायचं कुणाला? मी देवापुढे बसले आणि नेम धरला, की आजपासून रोज संध्याकाळचं जेवण अळणी. सोमवार-एकादशी माझ्या होत्याच, त्यात ही भर. लोकांना वाटलं, सून फार धार्मिक. आमच्या सासूबाई, नर्मदाबाई, शेजारणींना अभिमानाने सांगायच्या, "मन्ही सून मीठबी खात नही." मी मान खाली घालून अळणी खिचडी गिळायची.

इकडे समाधीशेजारच्या केळी अशा माजल्या, की एकेका घडाला दोन-दोन टेकू लागायचे. लोक त्या केळ्यांना बाबांचा प्रसाद म्हणून डोक्याला लावत. मी नमस्कार करायची, पण केळ काही घशाखाली उतरायचं नाही.

अशी नऊ वर्षं गेली. १९६४ च्या उन्हाळ्यात रस्ता रुंद करायचं निघालं आणि समाधी बरोबर मध्ये आली. बाबांना उचलून मारुतीच्या अंगणात न्यायचं ठरलं. मला रात्रंदिवस एकच धास्ती, खड्डा उघडला की मिठाच्या जागी खत दिसणार आणि नऊ वर्षांचं पाप गावापुढे येणार.

रूपचंद कंपाउंडर पुन्हा आले, आता कोट घालून. खिशात छोटा कंगवा. "दाढी विसकटली असेल," म्हणाले, "फोटोआधी नीट करून देतो."

फावडं लागलं. मी आरतीचं ताट घेऊन उभी होते. खाली माती ओली. नऊ पावसाळ्यांचं पाणी मुरलेलं. पाट कुजून गेला होता. मग बाबा दिसले. गुडघ्यांखाली नुसती हाडं. दाढीचं नाव नाही. आणि मांड्यांपासून पोटापर्यंत पिवळट पांढरा, गुळगुळीत, घट्ट गोळा.

रूपचंद कंगवा हातात धरून उभेच राहिले. "औषध उतरलं असणार... ओल शिरली... ओलीत अंगातल्या चरबीचं असं होतं कधी कधी," पुटपुटले.

दगाभाऊंनी वाकून नख लावून पाहिलं. बोटांत चोळलं. हळूच वास घेतला. मग सरळ उभे राहिले आणि त्या वडीचा हिशेब चुकता झाल्यासारखे ओरडले, "अरे, हाऊ तं साबन शे!"

मग मागून कोणीतरी फिसकन हसलं, आणि पूर्ण जमाव लोळायला लागला. म्हाताऱ्या बायका मात्र हात जोडून म्हणाल्या, "शेवटले बाबा नितळ व्हई ग्यात."

हसू ओसरल्यावर दगाभाऊंनीच विचारलं, "पन मीठ कुठे गयं? पोतंभर टाकेल व्हतं आपण!"

माझ्या हातातल्या ताटातली वात विझली. तेवढ्यात सासूबाई पुढे झाल्या. "पानीमा मीठ ऱ्हास का रे दगा? विरघळी गयं." झालं. बाबांना नव्या धोतरात गुंडाळून मारुतीकडे नेलं.

घरी आल्यावर मला राहवेना. मी सासूबाईंचे पाय धरले. "आत्याबाई, मन्हा हाते मोठं पाप व्हयनं. बाबाना खड्डामा मीठ नही, खत गयं."

"माले माहीत शे."

"तुम्हले माहीत शे?"

"पोतं मीच बदलं वं! डावी बाजूले खत मीच ठेवं. तीनशे कैऱ्या चिरेल व्हत्यात त्या दिन. मीठ बाबाले दिधं असतं तं लोनचाले काय टाकतू? बाबाले तं दवा टोचेल व्हती. कैरीले कोन टोचस?"

"आन मी नऊ वरीस अळनी खाई ऱ्हायनू!"

"तू पुन्य करी ऱ्हायंती," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "मी कसाले आड येऊ?"

रूपचंद आमच्याकडेच जेवायला होते, उतरल्या तोंडाने. सासूबाईंनी माळ्यावरून एक बरणी काढली, फडकं सोडलं आणि त्यांच्या पानात लोणच्याची फोड वाढली. त्यांनी चावली. करकन वाजली. "वा! यंदाचं का?"

"नही भाऊ. तू बाबाले दवा टोची ना, त्या सालनं."

रूपचंदांनी ती फोड उजेडात धरली आणि उलटी-सुलटी करून पाहिली.

माझ्याही पानात एक फोड पडली. नऊ वर्षांनी संध्याकाळी मीठ जिभेला लागलं. मी डोळे मिटून देवाचे आभार मानले आणि त्याच पानावर नवा नेम धरला, की सासूबाईंवर कधी रागवायचं नाही.

तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकला.