मोरचूद

"आई, विळा खाली ठेव. आज अळू काढायचं नाही," जयंत म्हणाला.

परसात उकिडवा बसून तो उपटलेल्या अळूची मुळं भिंगातून बघत होता. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या या मुलाचे असले उद्योग मधुमतीबाई सोसत आल्या होत्या, पण अळूला हात लावलेला त्यांना खपत नसे. कंद नाशिकचे, माहेरचे. जयपूरच्या रेताडात अळू यायचं नाही म्हणणाऱ्यांची तोंडं त्यांनी कधीच बंद केली होती. सोनारांच्या दुकानातला केर धुऊन त्यातलं सोनं काढणारा एक न्यारिया शहरात होता. त्याच्या आवारातली काळी माती हुज्जत घालून त्यांनी गाडीभर आणवली आणि पानं सुपाएवढी झाली. तिलक नगरातल्या मराठी घरांत वड्या व्हायच्या त्या मधुमतीबाईंच्याच अळूच्या.

"एवढी मुळं, आणि बुरशीचा एक धागा नाही. असं कधी होत नाही," जयंत पुटपुटला.

"असेल कशी? मी राहू दिली तर ना. पांढरी जाळी दिसली की मोरचूद आणि चुना कालवून ओतते मी. वडिलांची द्राक्षबाग अशीच जगवलीय आम्ही. मला बुरशी शिकवतोस?"

जयंतनं भिंग खाली ठेवलं. मग त्यानं हळूहळू सांगितलं ते असं. न्यारिये केरातलं सोनंचांदी वेगळं करायला शिसं वितळवतात. वर्षानुवर्षं ते त्या मातीत मुरलेलं असणार. मुळांना बिलगलेली बुरशी असले धातू स्वतःत अडकवून ठेवते, वर पानात चढू देत नाही, असा त्याचा अंदाज होता. पक्कं अजून कुणालाच ठाऊक नव्हतं.

पितळेत आंबट ठेवलं की कळकतं, एवढं मधुमतीबाईंना शाळेत न जाता कळत होतं. पण माती कळकते, आणि ती पानातून ताटात येते? त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत विनया, त्यांची सून, भाकरी थापत होती. सातवा महिना. गेल्या साली पाचव्यातच तिचं मूल पोटातच गेलं, तेव्हा "माहेरचंच रक्त पातळ" असं त्या चारचौघींत बोलल्या होत्या. म्हणून या खेपेला रक्त वाढावं यासाठी रोज अळूचं फदफदं, तेही समोर बसून, पानात टाकायचं नाही असा दम भरून.

जयंतनं पानं रसायनवाल्या मित्राकडे तपासायला दिली. शिसं अंगात भिनलं तर कधी कधी हिरड्यांच्या काठाला निळसर रेघ उमटते, असं तो बोलून गेला. तो कॉलेजात गेल्यावर मधुमतीबाईंनी सुनेला खिडकीशी ओढलं.

"आ कर."

"घोडी विकत घेताय का, आई?" विनया हसली.

"कर म्हटलं ना."

एका अंगानं पाहिलं की रेघ दिसे, मान वळवली की नाहीशी होई. ती सावली होती की दुसरं काही, त्यांना उमगेना. "नीट घासत जा दात" म्हणून त्या खेकसल्या.

डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी जयंत पडलेल्या चेहऱ्यानं घरी आला. पानांत शिसं निघालं होतं, आणि बरंच. पोटातल्या बाळाचं काय, ते डॉक्टरीणबाईही सांगू शकत नव्हत्या. ज्या घरांनी पानं नेली त्यांना आजच सांगायला हवं, असं त्यानं बजावलं. मधुमतीबाईंनी चपला घातल्या, फाटकापर्यंत गेल्या. समोरच्या गच्चीतून कुणीतरी हसून हाक मारली. त्या तशाच परत फिरल्या. उद्याचा समारंभ होऊन जाऊ दे, मग सांगू.

दुसऱ्या दिवशी विनया हिरव्या साडीत पाटावर बसली. भोवती बायकांची थट्टा चालली होती. शेजारच्या शालिनीबाईंनी पिशवीतून डबा काढला.

"काय मधुताई, लाडक्या सुनेला अळूवडीसुद्धा नाही? मी आणलीय. परवा नेलेलं तुमचंच अळू. घे ग, विनया."

विनयानं तोंड उघडलं. मधुमतीबाईंनी शालिनीबाईंचं मनगट धरलं.

"नको. त्यात विष आहे. माझ्या मातीतलं."

कुणाला आधी ती थट्टाच वाटली. मग त्यांनी सगळं सांगितलं, मोरचुदासकट. तुम्ही सगळ्यांनी नेलंय, पोरांना घालू नका, म्हणाल्या. शालिनीबाईंनी दाराकडे पाहिलं. त्यांची धाकटी पायरीवर बसून वडी खात होती. त्या धावल्या.

"म्हणून हिरड्या बघत होतात," विनया म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "आई, गेल्या खेपेलाही मी खात होते."

रोज जेवण झालं की बाळ पोटात ज्या जागी लाथ मारी, तिथे विनयानं तळवा दाबून धरला. मधुमतीबाई गुडघ्यांवर हात टेकत तिच्याजवळ खाली बसल्या आणि तिच्या हाताशेजारी आपला हात ठेवला. विनयानं तो झटकला नाही, धरलाही नाही.

तळव्याखाली अजून काही हललं नव्हतं. ओटीचे तांदूळ ओंजळीत घेऊन बायका थांबून राहिल्या.