अण्णा थांबले होते

“थांबला? कोण थांबला?” मावशींनी ओठांपर्यंत नेलेली बशी खाली घेतली.

ती ओट्याशी उभी राहून दुसऱ्या आधणात साखर टाकत होती. बाबांना जाऊन आठवडा झाला होता, आणि डांबराच्या कामावरची त्यांची जुनी माणसं अजून एकेक करून येत होती. कुणी रोलर चालवलेला, कुणी लॉरी, कुणी प्लांटवर भट्टी सांभाळलेली. मावशी त्यांच्यातल्याच. उमेदीची सगळी वर्षं रस्त्यावर गरम डांबर फावड्याने पसरण्यात घालवलेल्या. बाहेर पुरुषांत बसायचं सोडून त्या सरळ स्वयंपाकघरात आल्या होत्या. “तिकडे सगळे रडकी तोंडं करून बसलेत,” त्या म्हणाल्या होत्या, “आणि तुझ्या बापाला रडकी तोंडं बघितली की हसू फुटायचं.”

“अण्णा थांबले,” ती म्हणाली. “घाटात बाबांची लॉरी बंद पडली तेव्हा. तुम्ही होतात की त्या कामावर.”

अण्णा म्हणजे तिचे सासरे. त्या वेळी तेही बाबांसारखे एका लॉरीचे धनी होते आणि स्वतःच चालवत. आता बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळच्या चांगल्या खुर्चीवर ते बसले होते. ती खुर्ची बाबांच्या या घरात त्यांचीच मानली जायची. बाबाही तिच्यावर कधी बसत नसत.

“हो, होते ना मी,” मावशी म्हणाल्या. बशी त्यांनी परत ओठांना लावली नाही.

घाटातली ती गोष्ट तिला तोंडपाठ होती. चार माणसं जमली की बाबा ती सांगत. सुरुवात ठरलेली असे : “माझ्या मुलीचं सासर मी डांबरात शोधलं.” लोक हसत. मग बाबा खुर्ची पुढे ओढून घेत.

प्लांटवर लॉरीच्या हौद्यात खडी-डांबराचा गरम माल भरायचा, वर ताडपत्री आवळायची आणि तो गरम असेपर्यंत साइट गाठायची. बाबा ताडपत्री दुहेरी बांधत. त्यांचा माल नेहमी वाफाळता पोचे, म्हणून सगळे त्यांना ‘थर्मास’ म्हणत. माल गार झाला की त्याचा दगड होतो. रस्त्यावर झाला तर तो रस्ता; हौद्यात झाला तर लॉरी मेली. म्हणून डांबरवाल्या ड्रायव्हरांचा एक कायदा होता, कुठेही न लिहिलेला. भरल्या हौद्याची लॉरी अडकलेली दिसली, की थांबायचं. भांडण असलेल्याची असो, तोंड न बघणाऱ्याची असो. फावडी काढायची आणि मिळून हौदा मोकळा करायचा. त्यात आपला माल गार झाला तर झाला.

तर घाटात चढावर बाबांच्या लॉरीचं इंजिन बसलं. इंजिन बंद, म्हणजे हौदा उचलणारा जॅकही बंद. मागून अण्णांची लॉरी आली. अण्णा थांबले. दोघांनी फावड्यांनी जमेल तेवढा माल उपसला. बाकीचा हौद्यातच बसला. लॉरी शेवटी भंगारात गेली. “लॉरी गेली, पण माणूस मिळाला,” बाबा शेवटी म्हणत. मग सगळे अण्णांकडे बघत आणि अण्णांची मान खाली झुकलेली असे. बघा, केवढा मोठा माणूस, आणि स्तुती ऐकवत नाही, असं लोक म्हणत. तीही म्हणे.

“मावशी, काय झालं?”

“काही नाही गं. चहा उतू जाईल तुझा.”

तिने गॅस बंद केला. “सांगा.”

“मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडायला लावू नकोस.”

“कुठला शब्द?”

मावशींनी बशी जमिनीवर ठेवली आणि पदराने तोंड पुसलं. “अगं, मी त्याच लॉरीत होते. तुझ्या सासऱ्याच्या. आम्ही बायका प्लांटवरून साइटवर जायला मिळेल त्या लॉरीत चढायचो. मी पुढे केबिनमध्ये बसलेले. वळण घेतलं तर समोर थर्मास. रस्त्याच्या मधोमध, हात वर करून. आणि हसत होता गं. आपलाच माणूस आला म्हणून.”

“मग?”

“मी म्हटलं, थांबवा. तर म्हणाला, साहेब साइटवर उभा आहे. आज ज्याचा माल गरम पोचेल त्याला नव्या रस्त्याचं काम मिळणार. म्हटलं, अहो, तो तुमचा दोस्त ना? तर म्हणाला, मागून येईल कुणीतरी. मागून कोण येणार? आमचीच शेवटची लॉरी होती. थर्मास बाजूला सरला. त्याला वाटलं, हा पुढे वळणावर जागा बघून लावतोय. अजून हसतच होता. मी आरशात बघितलं.”

चहावर साय धरू लागली होती. तिने चमच्याने ती बाजूला केली. हाताला काहीतरी हवं होतं.

“त्याच्या आधी पाण्याचा टँकर थांबला होता त्याच्यापाशी,” मावशी म्हणाल्या. “टँकरवाल्यानेच मला सांगितलं. तो म्हणत होता, चल, मी लागतो हाताला. तर तुझा बाप त्याला म्हणाला, तू जा, तिकडे रोलर पाण्यावाचून खोळंबलाय. मागे माझा दोस्त येतोय.”

“आणि माल कुणी उपसला?”

“उपसायला राहिलं काय होतं? मी साइटवर उतरले, दोन फावडी घेतली आणि घाट चालत उतरले. मुकादम मागून ओरडतोय, आजचा खाडा मांडीन म्हणून. म्हटलं, मांड मेल्या. पोचले तर सगळा दगड. मग दोघं पहारी मारत बसलो. मी आणि तुझा बाप. तो म्हणतो, ताई, थर्मास फुटला बघ. आणि असा हसायला लागला, की मला रडू आलं.”

बाहेर कुणीतरी मोठ्याने खाकरलं. तिचा नवरा आलेल्यांना खुर्च्या देत होता; लोखंडी पाय फरशीवर घासल्याचा आवाज येत होता.

“मग ती गोष्ट? इतकी वर्षं?”

“ती तुझ्या लग्नापासूनची. आठव. त्याच्या आधी कधी ऐकली होतीस?”

तिने आठवून पाहिलं. बाबांची स्वतःची लॉरी होती आणि ती गेली, एवढंच तिला लहानपणी माहीत होतं. कशी गेली विचारलं की आई पानं वाढायला उठायची. मग मोठेपणी तिने स्वतःच एक मुलगा पसंत केला, घरी सांगितलं, कुणाचा मुलगा तेही सांगितलं. बाबा उठून बाहेर गेले आणि दिवे लागल्यावर परतले. चांगलं घर आहे, एवढंच म्हणाले. आणि साखरपुड्याच्या दिवशी, भरल्या खोलीत, खुर्ची पुढे ओढून त्यांनी पहिल्यांदा ती गोष्ट सांगितली.

“आला होता माझ्याकडे,” मावशी म्हणाल्या. “म्हणाला, ताई, त्या गोष्टीतून तुला काढतोय आणि त्याला बसवतोय. रागावू नकोस. पोर त्या घरात जाणार. मनात अढी घेऊन कशाला जाईल? म्हटलं, काढ बाबा. तसंही मला कोण विचारतंय.” त्या हसल्या. “वाईट नाही वाटलं मला. म्हणजे, थोडं वाटलं.”

म्हणजे इतकी वर्षं ती अण्णांसमोर जे वाकत होती, ते कुणासमोर? नव्या रस्त्याचं काम मिळाल्यावर अण्णांच्या एकाच्या कितीतरी लॉऱ्या झाल्या. उतारवयात बाबा त्यांतलीच एक पगारावर चालवत होते, आणि दोस्ताला सांभाळलं म्हणून जग अण्णांना दुवा देत होतं. एकदा कामगारांसमोर अण्णा बाबांना म्हणाले होते, “थर्मास, आता हात थरथरतात तुझे, झेपत नसेल तर घरी बस.” तिला ते लागलं होतं. पण रात्री तिनेच बाबांना समजावलं होतं, “ऐकून घ्या बाबा. त्यांचे उपकार आहेत आपल्यावर.” बाबा “हो” म्हणाले होते. नुसतं हो. तेव्हा तरी सांगायचं होतं. राग अण्णांचा यायला हवा होता, पण आधी बाबांचाच आला, आणि ज्याच्यावर काढायचा तो माणूस आता कुठेच नव्हता.

तिने चहा कपांत ओतला आणि ट्रे घेऊन बाहेर आली.

अण्णांनी कप घेतला. “बस जरा, सूनबाई,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “सगळे थर्मासच्या आठवणी काढताहेत. ती घाटातली सांग. आता तो नाही, तर तूच सांगायची.”

“हां, सांग पोरी,” म्हातारा रोलरवाला म्हणाला. “आणि ते सासर डांबरात शोधलं, ते आलंच पाहिजे हं.”

अण्णांना कुणी आग्रह केला नव्हता. त्यांनी आपणहून मागितली होती. ती त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, संकोचही नव्हता. आपल्या घरची वस्तू सुनेकडे मागावी तशी त्यांनी ती गोष्ट मागितली होती.

ट्रे खाली ठेवून ती स्टुलावर बसली. सासर डांबरात शोधल्याचं तिने सांगितलं नाही. प्लांटपासून सुरुवात केली. दुहेरी ताडपत्री सांगितली, चढ सांगितला, बसलेलं इंजिन सांगितलं. गोष्टीत टँकरवाला आला तेव्हा रोलरवाल्याने मान वर केली. हे त्याने कधी ऐकलं नव्हतं.

“बाबांनी त्याला पुढे पाठवलं,” ती म्हणाली. “म्हणाले, मागे माझा दोस्त येतोय. मग मागून लॉरी आली.”

नेहमीच्या जागी अण्णांची मान खाली गेली.

“ती थांबली नाही.”

खोलीत कुणाचा तरी कप बशीवर वाजला. तिने आवाज चढवला नाही. बाबा बाजूला सरले ते सांगितलं. हसत होते तेही सांगितलं. “मग साइटवरून मावशी घाट चालत आल्या. दोन फावडी घेऊन, खाडा पत्करून. तोवर मालाचा दगड झाला होता. मावशींनी आणि बाबांनी पहारी मारल्या. एवढंच.”

सगळ्यांच्या माना स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या मावशींकडे वळल्या. रोलरवाला गुडघ्यावर हात टेकून उठला आणि त्याने आपली खुर्ची मावशींकडे सरकवली.

“राहू दे हो,” मावशी पुटपुटल्या. “उभ्यानेच बरी आहे मी.” पण बसल्या.

“अगं, पण अण्णा थांबले होते ना?” तिचा नवरा म्हणाला. त्याच्या हातात अजून एक घडीची खुर्ची होती. आवाजात नुसतंच आश्चर्य होतं, एखादी चूक चारचौघांत सावरून घ्यावी तसा तो म्हणाला, “तुझे बाबाच तर सांगायचे.”

“अण्णा इथेच आहेत,” ती म्हणाली. “त्यांना विचार.”

त्याने हातातली खुर्ची भिंतीला टेकवली आणि वडिलांकडे वळला. बाकीचेही वळले. सगळे वाट बघत होते. तीही.

अण्णांनी कप उचलून तोंडाला लावला. त्यातला चहा मघाच संपला होता, तिला बसल्या जागेवरून कपाचा कोरडा तळ दिसत होता. ते सावकाश, घोट घोट पीत राहिले.