चार हजार सातशे ब्याण्णव भागाकार

२०११ साल. दिवाळी सरल्यावरच्या रविवारी ओवे गावात मामा कमलाकरच्या घरी दीपेश लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. बेलपाड्यात कॉम्प्युटर क्लास काढल्यापासून हा भाचा सगळ्या जगाला शिकवायला निघाला होता.

"मामा, नंबर बोला."

कमलाकरने वहीत न बघता सांगितला. दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. एकाची एकतीस वेळा दुप्पट करून एक वजा केला की उरणारी संख्या. तळोज्याला कारखान्याच्या काट्यावर ट्रकांची वजने लिहिणारा हा माणूस नऊ वर्षे तिच्यामागे होता. तिला कशानेच भाग जात नाही, हे त्याला हाताने भागून बघायचे होते. त्यासाठी तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे शेहेचाळीस हजार तीनशे चाळीसच्या आतल्या चार हजार सातशे ब्याण्णव मूळसंख्या पुरत होत्या. तीन राहिल्या होत्या.

भागाकार बरोबर आहे का हे अंकांच्या बेरजेने पडताळायचा नवाचा ताळा मात्र सुनंदाचा. सातवी शिकलेली बायको, पण अंकांची बेरीज बोटांवर. त्या संख्येचा ताळा एक, म्हणून भागाकार चोख असला की त्याचाही ताळा एकच येई. भाजी निवडता निवडता ती "एक" म्हणे आणि वर टोमणा हाणी, "लोकांनी बंगले बांधले, आमच्या ह्यांनी बाक्या जमवल्या."

दीपेशने बटण दाबले. "झालं. प्राइम आहे. एक सेकंद पण नाय लागला." मग पडद्यावरचे वाचून तो खिदळला. "मामा, हे अडीचशे वर्षांमागे एका परदेशी म्हाताऱ्यानं करून ठेवलंय! तेपण चौऱ्याऐंशी भागाकारांत. आणि डोळ्यांनी आंधळा होता तो!"

सुनंदा पदर तोंडाला लावून हसली. "आंधल्याला दिसलं, नि तुमाला नऊ वर्सं नाय दिसलं!"

कमलाकरने एवढेच विचारले, "उत्तर तेच हाय ना?"

"तेच. पण मामा, उपयोग काय?"

त्याने वह्या गोळा केल्या आणि माळ्यावर टाकल्या. ब्याद टळली, असे सुनंदाला वाटले. त्यानंतर त्याने तिला कधी ताळा विचारला नाही. तिने एकदोनदा डिवचले, "अवो, आज एक नको का?" तो पेपर वाचत राहिला.

दीपेशचा क्लास दोन वर्षांत बंद पडला. आता तो खारघरला फ्लॅट दाखवतो, आणि तिथेही सगळ्यांना शिकवतो. कमलाकर २०१४ साली गेला. वर्षश्राद्धानंतर सुनंदाने वह्या रद्दीला काढल्या. शेवटची सहज उघडली. राहिलेले तिन्ही भागाकार त्यात होते, त्या रविवारनंतरच्या तारखांचे. शेवटचा शेहेचाळीस हजार तीनशे सदतिसाचा, बाकी एक्केचाळीस हजार सातशे एकोणीस. तिन्हींखाली ताळ्याची जागा कोरी.

रद्दीवाला दारात तागडी धरून उभा होता. सुनंदा उंबऱ्यावर बसली. बोटे चालू लागली.

"एक," ती म्हणाली. मग दुसऱ्याला, तिसऱ्यालाही.

"क्या एक, मौसी?"

"ह्या वह्या नाय द्यायच्या," ती म्हणाली, आणि आत पेन शोधायला गेली.