तीन मिळवू की पुन्हा टाकू?

मी एक वीस बाजूंचा फासा. वीसही बाजू सारख्या घासलेल्या, त्यामुळे पक्षपात मला जमत नाही. माझ्या मालकाचा राग आहे तो नेमका यावरच.

मालक ऑरिन, राहणार डुलुथ, अमेरिका. विमा कंपनीत बसून परकी माणसं किती जगतील ते सांगतो. शनिवारी दुपारी मात्र मित्राच्या, वेंडेलच्या, स्वयंपाकघरात तो ब्रॉक नावाचा ढालकरी होतो. वेंडेल गोष्ट रचतो, बाकीचे तिच्यात लढतात. ब्रॉक नऊ वर्षं जगला होता, एका कागदावर. जखमा लिहून-खोडून तो कागद विरत आला होता. पात्र मेलं की कागद मालकानंच फाडायचा, हा तिथला नियम.

त्या शनिवारी ब्रॉक ड्रॅगनच्या जबड्यात सापडला. अठरा किंवा जास्त पडले तरच सुटका. ऑरिनची बहीण सोल्वेग खेळात वैद्य, एरवी गणिताची बाई. तिनं वर दिला : पडेल त्यात तीन मिळव, नाहीतर फेक चुकली तर पुन्हा टाक. काय ते आधी सांग.

"पुन्हा टाकतो. दोन संधी म्हणजे दुप्पट!"

"दादा, तीन घे. मग पंधरा पुरतात, शंभरात तीसदा वाचशील. पुन्हा टाकून अठ्ठावीसदासुद्धा नाही."

"दोन टक्क्यांसाठी डोकं खाऊ नकोस."

हे कोण बोललं? ज्याची नोकरी टक्क्याच्या दशांशावर चालते तो.

चिप्सच्या तेलकट बोटांनी मला टाकलं. सोळा.

"सोळा नि तीन एकोणीस," वेंडेल छताकडे बघत म्हणाला.

"गप रे!"

पुन्हा टाकलं. चार.

ऑरिननं कागद घडीवरून हळूहळू फाडला. कुणी हसलं नाही. मग तो माझ्याकडे वळला. "दगाबाज!" मला लोणच्याच्या रिकाम्या बरणीत कैद झाली. आत आधीचे सहा गुन्हेगार होतेच.

पुढच्या शनिवारी नवा ढालकरी, नवा लाल फासा. या वेळी अकरा किंवा जास्त हवे होते, सोल्वेगचा वर तोच. अशा वेळी पुन्हा टाकणं शंभरात पंचाहत्तरदा तारतं, तिनाची भर पासष्टदाच.

"तीन घेतो," ऑरिन म्हणाला. "मागच्या वेळी शिकलोय."

सोल्वेगनं तोंड उघडलं आणि त्यात चिप्स घातले.

वाचकहो, माझ्या सुटकेसाठी कुणी खटपट करू नये, ही नम्र विनंती. इथे निदान माझ्यापासून कुणी काही शिकत नाही.