हललेले फोटो

मी चष्म्याची भिंगं तपासते. दिव्याखाली भिंग धरायचं, अर्ध्या सेकंदात ठरवायचं, ठीक की बाद, आणि पुढचं उचलायचं. सोळा वर्षांत हे इतकं अंगात भिनलंय, की घरी धुतलेले पेलेही मी उजेडात धरून बघते. नवरा म्हणतो, "करून टाक सगळे बाद. आपण ओंजळीनं पाणी पिऊ."

त्यामुळे बाबांच्या कॉम्प्युटरमधली जागा संपली आणि त्यांनी फोटो नव्या हार्ड डिस्कवर हलवायचं काम माझ्याकडे दिलं, तेव्हा मी आधी साफसफाईलाच बसले. कचरा कशाला हलवायचा? हललेले, धूसर, डोकं कापलं गेलेले फोटो उडवले. अकराशे निघाले. मग रिसायकल बिन रिकामी केली, उरलेले चौदा हजार डिस्कवर चढवले, कॉम्प्युटरवरचे पुसले आणि मोठा तीर मारल्यासारखी घरी आले.

पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे होते, तेव्हा बाबा डिस्क जोडून बसले. बराच वेळ माऊस खालीवर फिरवत राहिले.

"आईनं काढलेले कुठे ठेवलेस गं?"

आईला जाऊन वर्ष झालं होतं. शेवटची दोन वर्षं तिचे हात थरथरायचे. चमचा धरवत नव्हता, पण कॅमेरा काही सुटला नाही, आणि दिवसभर तिच्यासमोर असायचे ते एकटे बाबा. त्या दोन वर्षांतले तिचे झाडून सगळे फोटो हललेले होते.

"फोटो काढताना तिची बडबड चालायची," बाबा स्क्रीनकडे बघत म्हणाले. "एकेक फोटो बघितला की तेव्हा काय बोलली ते आठवतं. एरवी नाही आठवत."

"दुसऱ्या फोल्डरमध्ये असतील," मी म्हणाले. "बघते मी."

हे खोटं मी आठवडाभर रेटलं. कॉम्प्युटर घेऊन दुकानात गेले. दुकानदारानं तो दोन दिवस ठेवून घेतला आणि नकारार्थी मान हलवली. बाबा रोज फोन करायचे, भलतंच काहीतरी विचारायचे आणि ठेवता ठेवता म्हणायचे, "सापडले का?" मी म्हणायचे, "शोधतेय." मला माझीच लाज वाटायची, आणि त्याचा राग मी त्यांच्यावर काढायचे.

शनिवारी त्यांच्याकडे गेले आणि चप्पल काढायच्या आत सांगून टाकलं. पुसले गेलेत, परत येणार नाहीत.

बाबा चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसायला लागले. शर्टानं पुसू नका, चरे पडतात, हे मी त्यांना शंभरदा सांगितलंय. आज माझी जीभ उचलली नाही.

"जाऊ दे," ते म्हणाले. "ते तिचे होते हे तुला कसं कळणार?"

इथं गप्प बसले असते तर निभावलं असतं. तेच मला वाट करून देत होते. साफसफाई वगैरे मी वर म्हटलं ना, ते असंच सगळ्यांना सांगायला तयार ठेवलेलं होतं.

"कळलं होतं, बाबा. पहिल्या दहा-बारा फोटोंतच कळलं. मला बघवेना. प्रत्येक फोटोत तिचा हात थरथरताना दिसत होता. म्हणून पुढचे न बघताच उडवत गेले."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. आता ते रागावतील असं वाटलं, रागावले असते तर बरं झालं असतं. ते उठले, टेबलावरची वही आणि पेन घेऊन माझ्यासमोर येऊन बसले.

"मग ते सगळ्यात शेवटी तूच बघितलेस," ते म्हणाले. "सांग काय काय होतं. ती काय बोलली ते मी लिहून ठेवतो."

मी आठवायला लागले. एकात ते खिडकीपाशी दाढी करत होते. एकात भांडी पुसत होते. एकात नुसतेच तिच्याकडे बघत होते. प्रत्येकाखाली बाबा सावकाश काहीतरी लिहीत गेले. एकदा स्वतःशी हसलेही.

"हं," ते मान वर न करता म्हणाले. "चौथा?"

मला चौथा आठवेना.